दुर्मीळ इंग्रजी आडनावाचं मूळ कसं शोधायचं: 'थॅकरे' हे नाव हाती धरून

प्रबोधनकार ठाकरे (१८८५–१९७३) आपलं आडनाव इंग्रजीत ज्या स्पेलिंगने लिहू लागले, ते विल्यम मेकपीस थॅकरे या इंग्रज कादंबरीकाराचं. महाराष्ट्रात हे बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. पुढचा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही: त्या कादंबरीकाराच्या घराण्याकडे हे नाव आलं कुठून? त्याचा माग उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशर परगण्यात लागतो, आणि ज्या वस्तीवरून ते पडलं तिची जागा आज एका जलाशयाच्या पाण्याखाली आहे.

असा माग घरबसल्या काढता येतो. कुणाच्या घरात इंग्रज जावई किंवा सून आलेली असते आणि नातवंडं आपल्या आडनावाबद्दल विचारू लागतात. कुणाला पुण्याच्या किंवा अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या दगडावर एखादं चमत्कारिक नाव दिसतं. कुणी जुनं गॅझेटियर वाचताना एखाद्या कलेक्टरच्या नावापाशी थबकतो. अशा नवख्या वाचकांसाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून सगळीकडे थॅकरे हेच नाव घेतलं आहे, म्हणजे प्रत्येक पायरीवर हाताला काय लागतं ते दिसेल.

आधी अर्थ नको, गाव शोधा

इंग्रजी आडनावं ढोबळमानाने चार वाटांनी आली: धंद्यावरून, बापाच्या नावावरून, टोपणनावावरून आणि गावावरून. धंद्यावरून आलेली नावं सगळीकडे सापडतात, कारण लोहार प्रत्येक गावात होता. म्हणून स्मिथ लाखोंनी आहेत आणि एका स्मिथचा दुसऱ्याशी संबंध असेलच असं नाही. दुर्मीळ नाव बहुतेक वेळा गावावरून आलेलं असतं, तेही मोठ्या गावावरून नव्हे तर चार घरांच्या वाडीवरून. आपल्याकडच्या 'कर' लावलेल्या नावांसारखंच हे. पुणेकर कुठलाही असेल, पण एखाद्या आडवाटेच्या वाडीचं नाव लावणारी घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. त्यामुळे दुर्मीळ नाव ही शोध घेणाऱ्याची सोय आहे. ते आपोआपच नकाशातल्या एका ठिपक्याकडे नेतं.

नवखा माणूस हमखास उलट सुरुवात करतो. तो आधी इंटरनेटवर नावाचा अर्थ शोधतो. थॅकरेच्या बाबतीत त्याला कळतं की पहिला भाग 'छपराचं गवत' या अर्थाच्या जुन्या शब्दातून आला, आणि तो ठरवून टाकतो की हे छपरं शाकारणाऱ्यांचं घराणं. ते चूक आहे. शाकारणाऱ्यांवरून पडलेली नावं थॅचर आणि थॅकर ही. थॅकरेच्या शेपटात वेगळंच काही आहे, आणि ते कळायला जमीन बघावी लागते. तिकडे पुढे येऊच.

१८८१ ची जनगणना: पहिलं काम

ब्रिटनमध्ये दर दहा वर्षांनी जनगणना होते, आणि १८४१ पासून त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलेलं मिळतं. १८४१ च्या याद्या थोड्या निराश करतात. मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली, नाती नाहीत, जन्मस्थान म्हणजे फक्त 'याच परगण्यात: हो किंवा नाही'. १८५१ पासून नातं आणि जन्माची पॅरिश, म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत जन्म झाला ती हद्द, दोन्ही मिळतात.

तरीही सुरुवात १८८१ पासून करा. ती संपूर्ण जनगणना स्वयंसेवकांनी उतरवून काढली आहे आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं उघडलं की फुकट शोधता येते. तिच्यावरून केलेले आडनावांचे नकाशेही आहेत. तुमचं नाव टाका आणि ते कुठे दाटीने आहे ते पाहा. थॅकरे आणि त्याची वेगळ्या स्पेलिंगची भावंडं पाहिली तर दाटी यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागात, लीड्सच्या आसपास पडते.

आता सावध व्हा. लीड्स हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. कामासाठी आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं तिथे लोटली होती. मुंबईतल्या गिरणगावातली आडनावं पाहून 'ही मूळची परळची' असं आपण म्हणणार नाही, तसंच हे. म्हणून राहत्या पत्त्याकडे पाहू नका. जन्मस्थानाच्या रकान्यात म्हाताऱ्या माणसांनी काय सांगितलं आहे ते पाहा. शहरामागची खेडी तिथे दिसू लागतात. हीच खेडी कागदावर लिहून ठेवा, पुढची सगळी शोधाशोध त्यांच्याभोवती होणार आहे.

स्पेलिंगला धरून बसू नका

अठराव्या शतकाच्या आधी स्पेलिंग हा नोंद करणाऱ्या पाद्र्याच्या किंवा कारकुनाच्या कानाचा प्रश्न होता. एकाच बापाच्या दोन मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी दोन तऱ्हांनी लिहिलेल्या सापडतात. थॅकरे हे नाव थॅक्रे, थॅक्रा, थॅकरी, थॅकव्रे अशा रूपांत येतं. आपल्याला ओळखीचं असलेलं लांब स्पेलिंग हे त्यातलं एक रूप झालं. यॉर्कशरमध्ये आजही आखूड रूपंच जास्त दिसतात. लीड्सचे शल्यविशारद चार्ल्स टर्नर थॅक्रा (१७९५–१८३३) यांनी गिरण्यांत आणि कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या आजारांवर १८३१ साली ग्रंथ लिहिला. व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. लीड्समध्येच चार्ल्स थॅक्रे यांनी १९०२ साली औषधांचं दुकान काढलं, त्यातून शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारी मोठी कंपनी उभी राहिली आणि त्या शहरातलं वैद्यकीय संग्रहालय आज त्यांचं नाव लावतं. लीड्सचेच गीतकार-गायक जेक थॅक्रे (१९३८–२००२). स्पेलिंगं वेगवेगळी, पण प्रदेश एकच. दुर्मीळ नावाची हीच खूण.

व्यवहारात करायचं असं: शोधाच्या चौकटीत नावाची पहिली तीन-चार अक्षरं लिहा आणि पुढे तारांकन टाका. शेवट 'वाय'ने होतो की 'एच'ने, मध्ये 'ई' आहे की नाही, याची चिंता संगणकावर सोपवा. आणि पहिलं अक्षरही चुकलेलं असू शकतं, हे लक्षात ठेवा. जुन्या वळणाचं 'टी' वाचताना उतरवणाऱ्याची फसगत होते.

एकेक पिढी मागे

ही पायरी सर्वांत यांत्रिक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली (स्कॉटलंडमध्ये १८५५ ला). नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या सूचीत जन्मासोबत आईचं माहेरचं आडनावही मिळतं, त्यामुळे भावंडं एकत्र लावता येतात. फ्रीबीएमडी ही स्वयंसेवकांची सूचीही फुकट आहे. जनगणनांपैकी १९२१ ची खुली झालेली आहे. १९३१ ची आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, म्हणून मधल्या काळासाठी १९३९ ची नोंदवही वापरतात.

नियम एकच: माहीत असलेल्या माणसापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जा. एखाद्या प्रसिद्ध पूर्वजापासून खाली उतरत आपल्या घरापर्यंत पोचायचा मोह टाळा.

१८३७ च्या आधी: चर्चच्या वह्या आणि मृत्युपत्रं

इथून खरी मजा सुरू होते. १५३८ साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवायचा हुकूम काढला. सुरुवातीच्या वह्या अनेक ठिकाणी हरवल्या, पण १५९८ पासून चामड्यावर नीट उतरवून ठेवायची पद्धत आली आणि वर्षाची एक नक्कल बिशपकडे जाऊ लागली. मूळ वही नसेल तर ती नक्कल मागा. १६५३ ते १६६० या क्रॉमवेलशाहीच्या वर्षांत (हा दुसरा, ऑलिव्हर) नोंदी विस्कळीत आहेत. १७५४ पासून लग्नांची नोंद छापील नमुन्यात, साक्षीदारांच्या सह्यांसकट येते, आणि १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा.

तारखांचा एक गोंधळ नवख्यांना फार छळतो. १७५२ पर्यंत इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे वहीत 'फेब्रुवारी १७२०' लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२१. हे लक्षात न घेतल्यामुळे लोक लग्नाआधीच मूल जन्मलं असं समजून चुकीच्या घराण्याकडे वळतात.

कादंबरीकार थॅकरे यांच्या घराण्याचा माग याच वह्यांतून लागतो. ते घराणं निडरडेल खोऱ्यातल्या हॅम्प्सथ्वेट या खेड्यातलं. तिथे जन्मलेले थॉमस थॅकरे (१६९३–१७६०) शिकून पाद्री झाले, पुढे हॅरो शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांना सोळा मुलं. शेंडेफळाचं नाव विल्यम मेकपीस. तो कादंबरीकाराचा आजोबा.

पण हॅम्प्सथ्वेटला थांबायचं नाही, कारण आडनाव त्या गावाचं नाही. अशा वेळी मृत्युपत्रं कामाला येतात. १८५८ पर्यंत इंग्लंडात मृत्युपत्रं बहुतेक चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत, पण काही मुलुखांना आपापली वेगळी न्यायालयं होती. हॅम्प्सथ्वेटचा सगळा परिसर नेर्सबरोच्या जुन्या राजवनात मोडायचा. हे वन म्हणजे राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख. तो पुढे लँकेस्टरच्या जहागिरीत गेला. नेर्सबरोच्या जहागिरी न्यायालयातच तिथल्या लोकांची मृत्युपत्रं नोंदवली जात आणि त्यांचे उतारे छापूनही निघाले आहेत. नवखा माणूस यॉर्कच्या चर्चच्या दफ्तरात शोधतो, काही सापडत नाही, आणि 'यांनी मृत्युपत्रच केलं नाही' असं ठरवतो. म्हणून आधी एवढं बघा की तुमचं गाव कोणत्या न्यायालयाच्या हद्दीत होतं. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या मार्गदर्शिकांत याची माहिती मिळते.

जहागिरीच्या न्यायालयाची गुंडाळ्यांवर लिहिलेली दफ्तरं त्याहून श्रीमंत आहेत. कुणी कुणाला शेत दिलं, कुणी ओढ्याचं पाणी अडवलं, कुणाची गुरं कुणाच्या रानात शिरली, असे साधे कज्जे त्यात आहेत. सामान्य शेतकऱ्याचं नाव शतकानुशतकं ओळीने सापडावं अशी जागा दुसरी क्वचितच. १७३३ पर्यंतची ही कागदपत्रं लॅटिनमध्ये आहेत, पण मजकूर ठरावीक साच्यातला असतो. पाच-पंचवीस शब्द ओळखीचे झाले की नावं आणि नाती उचलता येतात. एवढी मेहनत घ्यावीच असं मी आग्रहाने सांगेन.

मध्ययुग: नाव अजून ओलं असताना

नॉर्मन सरदारांनी १०६६ नंतर वंशपरंपरागत आडनावं आणली, पण सामान्य माणसापर्यंत ती हळूहळू झिरपली: दक्षिणेत साधारण १३५० पर्यंत, उत्तरेत त्याहून उशिरा. त्यामुळे १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या, म्हणजे माणशी बसवलेल्या कराच्या, याद्या मोलाच्या. वेस्ट रायडिंगची १३७९ ची यादी बऱ्याच अंशी टिकली आहे आणि छापलेली आहे. या यादीत एखाद्याच्या नावात 'डे' म्हणजे 'अमुक ठिकाणचा' असं आलं, आणि तो त्या ठिकाणाच्या शेजारच्याच गावात पट्टी भरत असला, तर आडनाव अजून जन्मस्थळाजवळ आहे असं समजावं. वाडीतला माणूस वाडी सोडून शेजारच्या गावात गेला की लोक त्याला वाडीच्या नावाने ओळखू लागतात. वाडीत असताना त्याला तसं म्हणायचं कारणच नसतं.

जमिनीवर: पाण्याखालचं थॅक्रे

आता ठिपका. हॅम्प्सथ्वेटपासून दहा-एक किलोमीटरवर वॉशबर्न नदीचं खोरं आहे आणि त्यात फ्यूस्टन नावाची पॅरिश. याच पॅरिशमध्ये थॅक्रे नावाची वस्ती होती. वाढत्या लीड्स शहराला पाणी हवं होतं, म्हणून तिथल्या नगरपालिकेने १८७० च्या दशकात या खोऱ्यात एकापाठोपाठ जलाशय बांधले. फ्यूस्टनच्या जलाशयाखाली थॅक्रे गेलं. त्याच खोऱ्यात वरच्या बाजूला १९६६ साली आणखी एक धरण झालं आणि वेस्ट एंड हे गाव बुडालं. कोयनेकाठच्या किंवा पानशेतच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. मला या सगळ्या शोधात सर्वांत जास्त भिडलेली गोष्ट हीच: ज्या लीड्समध्ये या वाडीचं नाव लावणारी माणसं पोटासाठी गेली, त्याच शहराची तहान भागवायला वाडी पाण्यात गेली.

आजच्या नकाशात असं गाव सापडणार नाही. त्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशे बघा. यॉर्कशरची पहिली पाहणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, म्हणजे या जलाशयांच्या आधीच झाली. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही नकाशे फुकट आहेत, आणि जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहायची सोय आहे. शेतांची, ओढ्यांची, माळांचीही नावं वाचा. मोठं गाव आणि आडनाव जुळत नसेल तर बऱ्याचदा ते एखाद्या शेताशी जुळतं.

आणि आता अर्थ. यॉर्कवर ८६६ साली डेन लोकांनी ताबा मिळवला, त्यानंतर उत्तरेत स्कँडिनेव्हियातून आलेले लोक वसले आणि त्यांच्या नॉर्स भाषेने डोंगर-ओढ्यांची नावं बदलून टाकली. हॅम्प्सथ्वेटमधलं 'थ्वेट' म्हणजे रान साफ करून केलेली जागा, हे नॉर्सच. थॅक्रेमध्ये 'थाक' म्हणजे छपरासाठीचं गवत किंवा वेत, आणि 'व्रा' म्हणजे कोपरा, बेचका. नदीकाठचा, छपराचं गवत वाढणारा बेचका, अशी ती जागा. 'व्रा' मधला 'व' पुढे गळला, पण थॅकव्रे या जुन्या स्पेलिंगमध्ये तो राहिलेला दिसतो. उत्तरेतल्या डॉक्रे या गावाच्या नावातही हाच कोपरा आहे. असा ताळा तुमच्या नावासाठीही करा: शेवटचा भाग त्याच प्रदेशातल्या इतर नावांत येतो का? इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीने परगण्यावार केलेलं काम आणि २०१६ साली ऑक्सफर्डहून निघालेला ब्रिटन-आयर्लंडच्या आडनावांचा चार खंडांचा कोश, हे दोन आधार त्यासाठी भरवशाचे. त्यांत प्रत्येक अर्थामागे जुन्या नोंदी दिलेल्या असतात. नोंदीशिवाय अर्थ सांगणाऱ्या पानावर विश्वास ठेवू नका.

धागा भारतात आला असेल तर

हॅरोच्या मुख्याध्यापकांचा धाकटा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला आला, सिल्हेटला होता, आणि मग त्याच्या मुलांपैकी अनेकांनी भारताची वाट धरली. त्यातला रिचमंड कलकत्त्यात महसूल खात्यात होता. कादंबरीकार त्याचा मुलगा, जन्म १८ जुलै १८११, कलकत्ता. रिचमंडचा भाऊ सेंट जॉन थॅकरे धारवाडचा कलेक्टर झाला. कित्तूरचं दत्तकविधान कंपनीने नाकारलं, राणी चन्नम्मांनी शरण जायला नकार दिला, आणि ऑक्टोबर १८२४ मधल्या लढाईत हा थॅकरे मारला गेला. कित्तूरची गोष्ट लहानपणी ऐकलेल्यांना 'थॅकरे साहेब' ओळखीचा असतो. तो त्या कादंबरीकाराचा काका, हे कमी जणांना माहीत असतं.

कंपनी आणि नंतरच्या राजवटीतल्या ख्रिस्ती माणसांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत, बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांनुसार लावलेल्या. पुण्या-नगरच्या दगडावरचं नाव शोधताना मुंबई इलाख्याची सूची धरा. धारवाडसाठी मात्र सावध राहा. तो जिल्हा १८३० मध्ये मुंबई इलाख्यात आला. त्याआधीच्या नोंदी मद्रासकडे पाहाव्या लागतात. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या संस्थेची फुकट सूची सुरुवातीला पुरेशी आहे.

फसवणाऱ्या वाटा

'तुमच्या आडनावाचं राजचिन्ह' विकणाऱ्यांपासून दूर राहा. इंग्लंडात ढालीवरचं चिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं; १४८४ साली स्थापन झालेलं कॉलेज ऑफ आर्म्स त्याची नोंद ठेवतं. इतरांनी टाकलेल्या वंशावळींतून फक्त सुगावे घ्या, दाखल्याची प्रतिमा स्वतः पाहिल्याशिवाय एकही पिढी जोडू नका.

डीएनए चाचणी उपयोगाची आहे, पण तिला नेमका प्रश्न विचारावा लागतो. बापाकडून मुलाकडे जाणारं 'वाय' गुणसूत्र आडनावाच्याच वाटेने जातं. साइक्स या यॉर्कशरच्याच आडनावाच्या पुरुषांची २००० साली तपासणी झाली, तेव्हा जवळपास निम्म्यांत एकच प्रकार सापडला. लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये ४० आडनावं तपासली आणि नाव जितकं दुर्मीळ, तितका समान पूर्वज असण्याचा संभव जास्त, असं दाखवलं. उरलेल्यांचं नाव दत्तकामुळे, विवाहबाह्य जन्मामुळे, किंवा सरळ बदलल्यामुळे आलेलं असतं. इंग्लंडात नाव बदलायला आपल्याकडच्यासारखी राजपत्रातली जाहिरात सक्तीची नाही. लोक नवं नाव लावू लागले की ते त्यांचं होतं.

म्हणूनच समान स्पेलिंग हा नात्याचा पुरावा धरू नका. प्रबोधनकारांच्या पनवेलच्या घराण्यात ठाकरे हे नाव लागण्याआधी धोडपकर आणि पनवेलकर अशी गावावरून पडलेली आडनावं लागली होती. त्यांच्या इंग्रजी स्पेलिंगचा फ्यूस्टनच्या वाडीशी संबंध एका वाचकाच्या आवडीतून आलेला आहे, रक्तातून नाही. कागदांत हा दुवा सांगणारा कुणी नसता, तर शंभर वर्षांनी एखाद्या संशोधकाने पनवेलला यॉर्कशरच्या नकाशावर नेऊन बसवलं असतं.

इथवर आल्यावर गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज या १९७९ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या यादीत तुमचं नाव आहे का ते पाहा. एकेका आडनावाच्या जगभरातल्या सगळ्या नोंदी गोळा करणारे लोक तिचे सभासद आहेत. तुमचं नाव कुणी घेतलं असेल तर त्यांना पत्र लिहा. पत्रात आधी तुमची सर्वांत जुनी खात्रीची नोंद द्या, तिची पॅरिश आणि वर्ष सांगा, मगच प्रश्न विचारा. भारतातल्या दफनभूमीतल्या दगडाचं स्वच्छ छायाचित्र तुमच्याकडे असेल तर तेही पाठवा. तिकडच्या वह्यांत 'परदेशी गेला' एवढ्यावर संपलेली एखादी शाखा त्याने जोडली जाऊ शकते.